थेल्मा बटरवर्थ वेळेवर पोचते

मी खोटी आहे. हे मला कुणी सांगायला नको, पहिल्या पानापासून मला ते ठाऊक आहे. माझं नाव थेल्मा बटरवर्थ, वय कायमचं बासष्ट, राहणार रॉचडेल, उत्तर इंग्लंड. काळातून प्रवास करते तो लाँड्रीतल्या कपडे वाळवायच्या तीन नंबरच्या ड्रायरमधून. आत शिरायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, दार ओढून घ्यायचं. चाळीस मिनिटं गरगर फिरलं की मी दुसऱ्याच शतकात बाहेर पडते, गरमगरम आणि अंगावरच्या कपड्यांना एकही सुरकुती नसलेली. हसलात? हसा. त्यासाठीच मला जन्माला घातलंय.

टीव्हीवर पूर्वी एक मालिका लागायची. तिच्यात वॉर्डन नावाचा एक उंच, गंभीर गृहस्थ काळा कोट घालून काळातून हिंडायचा, विश्व वाचवायचा आणि कुणाशी धड न बोलता निघून जायचा. मालिका बंद पडली, पण तिचे भक्त काही गप्प बसेनात. त्यांच्यासाठी एका छोट्या प्रकाशनाने वॉर्डनच्या नव्या गोष्टींची पुस्तकं काढली. त्यातल्या तिसऱ्या पुस्तकात, लेखकाला गंमत सुचली म्हणून, वॉर्डनची टिंगल करायला एक म्हातारी आणली गेली. ती मी. एका प्रकरणापुरती आलेली पाहुणी ठिय्या देऊन बसली आणि पुढे माझी एकटीचीच बावीस पुस्तकं निघाली. भक्तांच्या मेळाव्यात अजून भांडणं होतात, थेल्मा खऱ्यात धरायची की नाही. रबराच्या राक्षसांशी लढणारा वॉर्डन तेवढा खरा, आणि मी खोटी. त्यांच्या अकलेपुढे हात टेकले मी.

माझा ठरलेला विनोद एकच, मी उशिरा पोचते. डायनोसॉर बघायला गेले तर सगळीकडे राख आणि एक पाल. लंडनच्या मोठ्या आगीत पोचले तेव्हा लोक झाडू मारत होते, आणि मी त्यांच्याकडे काडेपेटी मागितली. हा विनोद लोकांना बावीस पुस्तकं पुरला. मला तो पहिल्याच पुस्तकात कडू लागला होता, कारण तो कुठून आला हे मला माहीत होतं. निदान, माहीत आहे असं वाटत होतं.

मला लिहितो तो बॅरी फिटन. वय चौसष्ट, डोक्यावर केस नाहीत, पोटाचा नगारा. तो रॉचडेलातच जन्मला, एकोणिसाव्या वर्षी लंडनला पळाला आणि बायकोने घराबाहेर काढल्यावर आईच्या रिकाम्या घरात परत आला. स्वयंपाकघरातल्या तिच्या टेबलावर बसून तो लिहितो. आम्ही बोलतो ते असं: तो टाइप करतो, मी बोलते. शब्द त्याच्या बोटांतून येतात हे मान्य. पण बावीस पुस्तकांनंतर पात्र आपल्या मनाचं बोलायला लागतं. माझ्यात आणि इतरांत फरक इतकाच, की मला ते कळतं आणि मी मूग गिळून बसत नाही.

तर प्रकाशनाने कळवलं की तेविसावं पुस्तक शेवटचं. म्हणजे ते संपलं की मी संपले. त्याचं मला काही नाही, कागदावरची बाई कागदावरच जायची. पण मला एका ठिकाणी जायचं होतं आणि बॅरी नेत नव्हता. एक रविवार, फेब्रुवारी एक्क्याण्णवमधला. तीन वेळा त्याने ते प्रकरण सुरू केलं आणि तीन वेळा पुसलं. आता चौथी वेळ मिळाली नाही तर तो रविवार त्याच्या पोटातच राहणार होता, आणि त्याच्याबरोबर पुरला जाणार होता.

मंगळवारी सकाळी दहाला लंडनहून संपादक बाईंचे शेरे आले. फेलिसिटी तिचं नाव. हुशार, चटपटीत, वय तीस. शेरा असा: "पान एकेचाळीस. थेल्मा दुपारी बाराला 'डिनर' करते. चूक दिसते. 'लंच' करावं का?"

बॅरीने जांभई दिली आणि 'लंच' करून टाकलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे दुपारी बाराला डिनर असतं. संध्याकाळी साडेपाचला जे खातात त्याला टी म्हणतात. त्यात चहा असतोच, पण ताटात चिप्स आणि अंडीही असतात. लंच हा शब्द इथे फक्त दाताच्या डॉक्टरच्या दारावरच्या पाटीवर दिसतो. हे फेलिसिटीला माहीत नसेल, तिला मी दोष देत नाही. पण बॅरी फिटनने 'डिनर' खोडावं?

पुढचं वाक्य त्याने टाइप केलं: थेल्मा खदखदून हसली.

मी हसले नाही.

त्याने पुन्हा टाइप केलं. थेल्मा मिश्कीलपणे म्हणाली. मी काहीच म्हणाले नाही. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. शेवटी तो कंटाळून मोठ्याने म्हणाला, "काय झालंय आता?" आणि त्याच्या बोटांतून माझं उत्तर उमटलं.

"ते 'डिनर' परत लिही."

"एक शब्द आहे गं तो. लंडनच्या वाचकाला गोंधळ नको."

"गोंधळ? तुला बरा गोंधळाचा पुळका आला. ह्याच शब्दापायी तुझी आई मेली, आणि तू जांभई देऊन तो खोडलास?"

त्याने हात मागे घेतले. मग खुर्ची सरकवून उगीचच केटलीत पाणी भरलं. मी वाट बघितली. वाट बघायला मला काय, माझं वय वाढत नाही.

तो रविवार मला त्याच्या पुसलेल्या पानांवरून ठाऊक होता. बॅरी तेव्हा एकतीस वर्षांचा. आई डोरा, नवरा गेलेली, मुलगा एकच. बुधवारी तिने फोन केला: "रविवारी डिनरला ये." बॅरीला लंडनात बारा वर्षं झाली होती, तिकडे डिनर म्हणजे रात्रीचं जेवण. तो सातला आला, हातात वाइनची बाटली आणि फुलं घेऊन. दार शेजारणीने उघडलं. डोराने बाराला ताटं मांडली होती. मुलगा येईना म्हणून ती तीनदा बसस्टॉपवर गेली, बारीक बर्फ पडत असताना. तिसऱ्यांदा तिथल्या बाकावर बसली ती उठलीच नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, कधीतरी थांबणारच होतं. ओव्हनमध्ये बॅरीचं ताट होतं, वर दुसरी ताटली पालथी घातलेलं. मटण वाळून चामडं झालं होतं.

दोन वर्षांनी मी जन्मले. नेहमी उशिरा पोचणारी, वेंधळी, विनोदी थेल्मा. माझ्या अंगावर निळ्या चौकटींचा ॲप्रन, कारण डोराच्या अंगावर तसाच असायचा. ती सव्वीस वर्षं शाळेत पोरांना डिनर वाढायची. माझा आवाज तिचा. 'आमचा बॅरी' म्हणताना तिचा वर चढणारा सूरसुद्धा त्याने माझ्या गळ्यात घातला. आणि मग माझ्याकडून मेळाव्यातल्या लोकांना हसवून घेतलं.

केटली उकळून बंद झाली. तो परत येऊन बसला.

"हे विडंबन आहे, थेल्मा," तो म्हणाला. "शेवटच्या पुस्तकात लोकांना हसायचं असतं. त्यांना माझ्या आईचं काय?"

"त्यांना नसेल. मला आहे. तिचं सगळं माझ्या अंगावर चढवलंस, फक्त तिचा राग दिला नाहीस. बावीस पुस्तकांत मी एकदाही चिडले नाही, लक्षात आलं का तुझ्या? पडते, धडपडते, 'अगंबाई, उशीर झाला वाटतं' म्हणते. मला त्या घरी बाराच्या आत पोचव. नाहीतर उरलेल्या दोनशे पानांत मी तोंड उघडणार नाही. मग घाल फेलिसिटीच्या हातात मुकं पुस्तक."

"धमकी देतेस?"

"हो."

त्याने नवं पान उघडलं आणि तो लिहायला लागला. ड्रायर थांबला, मी बाहेर पडले. रस्त्यावर फेब्रुवारी, कोळशाचा वास, बारीक बर्फ. लाँड्रीतल्या घड्याळात बाराला दहा कमी. जन्मात पहिल्यांदा मी वेळेवर होते. गल्लीच्या टोकाचं घर, हिरवं दार. दार उघडलं आणि डोरा फिटन हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "ये गं. माझा मुलगा रात्री येणार आहे. चूक माझीच, लंडनला डिनर रात्री असतं, मीच नीट सांगायला हवं होतं. तो वेडा उगाच मनाला लावून घेईल बघ."

"थांब," मी म्हणाले.

"आता काय?" बॅरी म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. चांगलं रंगात आलं होतं त्याचं.

"ही कोण बाई?"

"आई."

"ही तुझी आई? पोरांनी कस्टर्ड सांडलं तर त्याची चूकसुद्धा डोरा फिटनने कधी आपल्याकडे घेतली नाही, आणि ही दारातच सगळा गुन्हा पदरात घेतेय. स्वतःला माफ करायचंय ना तुला? मग आरशासमोर उभा राहून कर. मेलेल्या बाईच्या तोंडी नको घालूस. पूस ते."

"थेल्मा, एवढं एक मला दे."

"पूस."

त्याने पुसलं. उठून खिडकीशी गेला, परत आला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला. मग लिहायला लागला तेव्हा भराभर, चुका न सुधारता लिहू लागला, आणि ह्या वेळी दार उघडलं तेव्हा डोरा हसत नव्हती.

"कोण गं तू? आणि माझा ॲप्रन तुझ्या अंगावर कसा?"

"उसना दिलाय."

"कुणी?"

"तुझ्या मुलाने."

"वाटलंच. माझ्या वस्तू लोकांना देऊन टाकायची खोडच आहे त्याची. पाय पूस नि आत ये, गारठा येतोय."

आत मटण भाजल्याचा वास होता. टेबलावर दोन ताटं, पुदिन्याची चटणी, उकडलेले वाटाणे. हेच टेबल, ज्यावर बॅरी हे लिहीत होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. डोरा खिडकीशी जाऊन आली. पाच मिनिटांनी पुन्हा जाऊन आली. सव्वाबाराला तिने ग्रेव्हीवरची साय चमच्याने बाजूला केली आणि तिसरं ताट काढून त्यात मला वाढलं.

"बस. गार होतंय. त्याचं झाकून ठेवते."

मी जेवले. चांगलं होतं. बावीस पुस्तकांत मला कुणी एक धड जेवण दिलं नव्हतं, नेहमी मी पोचायच्या आत सगळे जेवून उठलेले असायचे. डोरा मात्र नुसती ताटातले वाटाणे इकडून तिकडे ढकलत होती.

"डोरा," मी म्हणाले, "तो सातला येणार आहे."

"सातला? सातला कशाला?"

"त्याला वाटलं, डिनर म्हणजे रात्रीचं. लंडनला तसं म्हणतात. गैरसमज झालाय बिचाऱ्याचा."

डोराने काटा खाली ठेवला.

"कुणाचा? आमच्या बॅरीचा?"

"हो."

"शाळेत तो माझ्या रांगेत उभा असायचा, ताटली घेऊन. बाराच्या ठोक्याला. अकरा वर्षं माझ्या हातचं डिनर खाल्लंय त्याने तिथे, आणि रविवारचं इथे, ह्याच खुर्चीत. गेल्या नाताळात मी त्याला काय म्हणाले, ये डिनरला. बाराला हजर होता. तेव्हा बरा समजला त्याला डिनरचा अर्थ." तिचा आवाज चढत गेला. "गैरसमज म्हणे. मला शिकवतेस? त्याला पक्कं ठाऊक आहे मी कधी बोलावलंय ते. दुपारी पोचायचं म्हणजे पहाटे उठून सातची गाडी धरायला हवी. ते नको होतं त्याला. दिवसभर आईपाशी बसून काय बोलायचं? सातला यायचं, नऊला निघायचं, आणि वर म्हणायचं, 'अगं आई, मला वाटलं डिनर म्हणजे रात्रीचं.' लबाड कुठला."

टाइप करणं थांबलं.

मला हे ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं. त्याने कागदावर आणलं तेवढंच मला कळतं, आणि हे त्याने आजवर एकाही पानावर, पुसलेल्यासुद्धा, आणलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं.

"हे तू लिहिलंस," मी म्हणाले.

"ती बोलली."

"ती मेलीय, बॅरी. हे तू लिहिलंस."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी डोरासारखा दिसतो.

"आदल्या रात्री, शनिवारी, मित्राकडे पार्टी होती," तो म्हणाला. "फोनवर आई म्हणाली, डिनरला ये. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, डिनर म्हणाली. त्याच क्षणी आलं. मी म्हणालो, हो, येतो. किती वाजता, हे मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर बारा म्हणाली असती."

"आणि बावीस पुस्तकं?"

त्याने टेबलावरचा चष्मा उचलला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"बावीस पुस्तकं तू मला उशिरा पोचवलंस, धांदरट म्हणून. मी दार चुकते, मला घड्याळ कळत नाही, माझा ड्रायर बिघडतो. कारण तुला कुणीतरी धांदरट हवं होतं. आपणही असेच धांदरट होतो, आपण वाईट नव्हतो, असं तुला वाटून घ्यायचं होतं. मी विडंबन वॉर्डनचं नव्हतेच रे. तुझ्या लबाडीवर घातलेलं पांघरूण होते मी. लोक हसले आणि तू त्यांच्याबरोबर हसलास. मेळाव्यात सह्या देत होतास, तिच्या ॲप्रनच्या चित्रावर."

"मग आता काय करू?" तो म्हणाला. "सांग ना. तू तिथे आहेस, तू वेळेवर पोचलीयेस. तिला घरात थांबव. बाहेर जाऊ देऊ नकोस. एवढं तरी कर."

"मी कशाला? तुझ्या हातात आहे. लिही, थांबली म्हणून."

त्याने चष्मा घातला आणि लिहिलं: डोरा शेगडीजवळच्या खुर्चीत बसून राहिली.

डोरा उठली. खुंटीवरचा कोट काढला आणि बाह्यांत हात घातले. बॅरीने वाक्य पुसून पुन्हा तेच लिहिलं, आणि ती कोटाची बटणं लावत राहिली. त्याची बोटं तेच वाक्य लिहायला निघायची आणि कागदावर बटण लागायचं. एक, दोन, तीन, गळ्याशी असलेलं चौथंसुद्धा. त्याला आपली आई माहीत होती. तिला खुर्चीत बसवायचं त्याला जमेना.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"एकची बस बघून येते."

"अगं, आत्ताच तू म्हणालीस ना, तो मुद्दाम येणार नाही."

"म्हणाले. मग?" ती माझ्यावरच खेकसली. "लाज वाटून आला असेल तर? स्टॉपवर कुणी नको का?"

ती गेली. दार तिने नेहमीसारखं आपटून लावलं.

बॅरी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. मग त्याने पुढे होऊन एक ओळ लिहिली. ती माझ्या तोंडी नव्हती, डोराच्याही नव्हती. 'मला माहीत होतं, तिने बारालाच बोलावलं होतं.' एवढीच. खाली स्वतःचं नाव घातलं, बॅरी फिटन, पूर्ण. त्याने ती पुसली नाही, पण माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. काहीतरी मऊ. तेवढं माझ्याजवळ नव्हतं आणि त्याच्या बोटांतूनही ते आलं नाही.

बाहेर बर्फ वाढला होता आणि डोरा मफलर न घेताच गेली होती. मी तिचा मफलर खुंटीवरून उचलला आणि बसस्टॉपकडे निघाले.